बोटीतले चार चमचे

५ मे १९८६, सोमवार
धोंडिराम सुपरवायझर झाला. साकीनाक्याच्या आमच्या युनिटमध्ये इतक्या लवकर कोणी चढलेलं नाही. फार आनंद झाला. जागा खरं तर माझी होती, पण ते असो. पहिला हात मीच मिळवला. धोंडिराम बौद्ध आहे. हे लिहायची गरज नाही, कारण मी असलं काही मानत नाही. फक्त नोंद.
पार्टीही मीच मागितली. शनिवारी घाटकोपरचं नवीन आईस्क्रीम पार्लर. एसी आहे म्हणे. मी, धोंडिराम, स्टोअर्समधला बाळा आणि टायपिस्ट सुहासिनी. सुहासिनीला मोकळ्या विचारांचे पुरुष आवडतात. तिनेच सांगितलं. मला नाही, बाळाला. पण मी तिथेच उभा होतो.

९ मे, शुक्रवार
पार्टीसाठी छोटं भाषण तयार. विषय समता. तीन मिनिटं. आरशासमोर दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा मीच टाळ्या वाजवल्या. सुहासिनीकडे कुठे बघायचं तेही ठरवलंय.
आईने विचारलं, कोण कोण जाताय? म्हटलं, बाळा आणि सुहासिनी. उगाच तिचं बीपी कशाला वाढवा?

१० मे, शनिवार. घरी आल्या आल्या.
एकूण झकास. एक लहानसा गोंधळ.
धोंडिरामने 'स्पेशल बोट' मागवली. मला वाटलं चार प्लेटी येतील. आली एकच काचेची होडी, हातभर लांब, आणि चार चमचे. तिघांनी चमचे उचलले. नेमका त्याच क्षणी माझा घसा दुखायला लागला. लोक वाकडा अर्थ काढतात म्हणून लिहून ठेवतो: घसा खरोखर दुखत होता. म्हटलं, मला वेगळी वाटी मिळेल का? तुम्हाला इन्फेक्शन नको.
बाळा मालवणीत पचकलाच. "सकाळीच माझी अर्धी सिगरेट वडलंस. तेवा खंय होतो तुझो घसो?"
म्हटलं, त्यानेच तर दुखतोय.
धोंडिरामने चमचा खाली ठेवून होडी माझ्यापुढे सरकवली. "नंदू, तू आधी खा. आम्ही मागून खातो."
काय समजूतदार माणूस! मी खाल्लं. पिस्त्याच्या टोकाने सुरुवात केली, स्ट्रॉबेरीपर्यंत गेलो. घशाला आराम पडला. तिघंही माझ्याकडेच बघत होते. भाषणाला वातावरण उत्तम, पण तोंड भरलेलं.
उरलेलं त्यांच्याकडे ढकललं, तर सुहासिनीने वेटरला बोलावलं. "हे घेऊन जा. आमच्या तिघांसाठी दुसरी आणा. याचं उष्टं आम्ही खात नाही."
इन्फेक्शनला घाबरली असणार. टापटिपीची मुलगी आहे.

१२ मे, सोमवार
जेवणाच्या सुट्टीत तिघं आधीच बसलेले. बाकावर जागा नव्हती. म्हणजे होती, पण तिथे सुहासिनीची पर्स होती. उभ्याने जेवलो. उभ्याने पचन चांगलं होतं.

१५ मे, गुरुवार
रविवारी दुपारी धोंडिरामच्या घरी जेवण, चेंबूरला. माझ्या टेबलापाशी येऊन मलाही सांगून गेला. गैरसमज असता तर सांगितलं असतं का?
निश्चय: जाणार, आणि पोटभर जेवणार. सगळ्यांदेखत. पहिला घास माझा. सुहासिनीला कळू दे, नंदकुमार काय चीज आहे.
आईला सांगितलं, रविवारी ओव्हरटाइम.

१८ मे, रविवार. संध्याकाळी.
जिन्यातच मटणाच्या रश्शाचा वास आला. सकाळपासून मुद्दाम काही खाल्लं नव्हतं. आत चटयांवर पंगत. सुहासिनीच्या शेजारी बसलो. ती उठून बाळाच्या पलीकडे गेली. पंख्याखाली बसायचं असेल.
सगळ्यांना ताटं आली. मला आलं नाही. मग धोंडिरामची आई, रुक्मिणीबाई, स्वतः आल्या. माझ्यापुढे वेफर्सचं न फोडलेलं पाकीट आणि कोल्ड्रिंकची बाटली ठेवली, स्ट्रॉ घालून.
"तुमच्यासाठी दुकानातून मागवलंय, भाऊ. आमचा हात लागलेला नाही. धोंडूने सांगितलं मला."
टोमणा नव्हता. टोमणा असता तर उत्तर दिलं असतं. पाहुण्याला काही कमी पडू नये, एवढंच त्यांच्या चेहऱ्यावर होतं.
म्हटलं, मावशी, तसं काही नाही हो. मला रस्सा वाढा.
त्यांनी मुलाकडे पाहिलं. धोंडिराम भात वाढत होता. माझ्यापाशी आला, थांबला. "राहू दे, आई," म्हणाला आणि पुढच्या ताटात भात वाढला.
मी बाटली उचलली.
सुहासिनीने रस्सा दुसऱ्यांदा मागून घेतला. बाळाने हाडूक चोखलं. माझी बाटली कधीच संपली होती. तरी पंगत उठेपर्यंत मी स्ट्रॉ ओढत बसलो.