अठ्ठावन्नावा दात

प्रिय बाबा,

पत्र पाहून दचकू नका. आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईचा गुडघा दुखतो, पण जिना चढताना ती अजूनही हात धरू देत नाही, म्हणजे त्यातही नवं काही नाही. फोनवर बोलता आलं असतं, पण आपला फोन तुम्हाला माहीत आहे. तुम्ही विचारता, "थंडी आहे का तिकडे?" मी सांगते, "बेताची." तुम्ही म्हणता, "बरं, आईला दे." आणि ही गोष्ट आई शेजारच्या खुर्चीत बसलेली असताना बोलण्यासारखी नाही.

गेला महिनाभर मी दातेरी चाकं फिरवते आहे. खरी नव्हेत, ब्राउझरमधली. एका तंत्रशाळेला अशी पानं हवी आहेत, की शिकाऊ मुलामुलींनी मशीनला हात लावण्याआधी फोनवरच चाकात चाक कसं अडकतं ते पाहावं. मी चित्र काढत नाही, आकडे लिहिते. दाताचा प्रत्येक कोपरा म्हणजे दोन आकडे. ब्राउझर ते वाचतो आणि रेघ ओढतो. म्हणून कितीही मोठं करा, कड फाटत नाही. मग प्रत्येक चाकाला सांगायचं, तुझ्या केंद्राभोवती इतक्या अंशांनी फिर. लहान चाक एकीकडे, मोठं उलटीकडे आणि दातांच्या प्रमाणात सावकाश. तुम्ही हसाल. जे करताना तुमची नखं आयुष्यभर काळी राहिली, ते मी तेलाचा थेंब न सांडता करते.

आकडे मनाचे घालायचे नाहीत, खऱ्या गिअरबॉक्सचेच हवेत, हा माझा हट्ट. तेव्हा आईच म्हणाली, "माळ्यावर तुझ्या बाबांची जुनी हत्यारपेटी आहे ना, तीत एखादं ड्रॉइंग असेल, बघ." हे वाक्य मी मुद्दाम जसंच्या तसं लिहिते आहे, कारण आता तेच मला सर्वांत जास्त छळतं. पेटीच्या तळाशी, मायक्रोमीटरच्या डब्याखाली, चार घड्या घातलेला कागद होता. लहान चाक अठरा दात, मोठं अठ्ठावन्न, दोन केंद्रांमधलं अंतर पंचाहत्तर मिलिमीटर. मी ते आकडे भरले. चाकं फिरली, आणि दात एकमेकांत घुसले.

अगदी थोडे. साध्या डोळ्याला कळत नाही, दहापट मोठं केलं की दिसतं: प्रत्येक दात समोरच्या दातात शिरतो आणि खुशाल पलीकडे निघतो. लोखंड असतं तर अडकलं असतं, किंचाळलं असतं. ब्राउझरला कशाचंच काही वाटत नाही. मला वाटलं, चूक माझीच. स्क्रीनवर खाली जाणारी दिशा अधिक धरतात, तिथे चिन्ह उलटं पडलं असेल. नाहीतर सुरुवातीला एक चाक अर्ध्या दाताने सरकवायचं असतं, ते राहिलं असेल. तीन दिवस मी माझ्याच ओळी तपासल्या. माझे साहेब म्हणाले, "अगं, कोणाला दिसतंय? दे चालवून." चौथ्या दिवशी मी कॉम्प्युटर बंद केला आणि कागदावर बेरीज केली. या मापाच्या दातांत दोन्ही चाकांचे दात मिळून जितके, तितकेच मिलिमीटर अंतर. अठरा आणि अठ्ठावन्न, शहात्तर. ड्रॉइंगवर पंचाहत्तर. चूक माझ्या ओळींत नव्हती, ड्रॉइंगमध्येच होती.

ती बेरीज मी पुन्हा एकदा केली, बाबा. आपल्या घरात सोळा वर्षं वेगळीच गोष्ट चालत आली आहे. ड्रॉइंगवर सत्तावन्न होते आणि तुम्ही अठ्ठावन्न कापले. दातांमधलं अंतर मोजून देणाऱ्या, मशीनच्या भोकांच्या तबकडीवर सत्तावन्न भोकांचं वर्तुळ आणि अठ्ठावन्न भोकांचं वर्तुळ शेजारी-शेजारी असतात. तुमची खिट्टी चुकून शेजारच्या वर्तुळात बसली आणि चाळीस चाकं भंगारात गेली. तुम्ही स्वतःच फोरमनला तसं सांगितलंत. ड्रॉइंगची प्रत मागितली तेव्हा म्हणालात, "तेलात पडली, फेकून दिली." नोकरी गेली. इथे पुन्हा कुणी तुम्हाला मशीनवर उभं करेना, म्हणून तुम्ही तिकडे गेलात, आणि घर तुमच्यासाठी महिन्यातून दोन दिवसांचं झालं. अजूनही चहात साखर जास्त झाली की आई म्हणते, "पडला बघ अठ्ठावन्नावा दात," आणि तुम्ही घरी असलात तर तुम्हीही हसता. तुम्ही बॅग भरत होतात तेव्हा मी बारा वर्षांची होते. दारात उभी राहून मी म्हटलं होतं, "मी मोठी झाले की तुमच्यासारखी मोजायला चुकणार नाही." तुम्ही म्हणालात, "शाब्बास, मोजपट्टी!" तेव्हापासून मी तेच करत आले. शिकले, नोकरी धरली, दशांशाच्या चौथ्या स्थळासाठी लोकांशी भांडते, ते सगळं तुमच्यासारखं न होण्यासाठी.

आणि ड्रॉइंग म्हणतं, जे लिहिलं होतं तेच तुम्ही कापलंत. लिहिलं कुणी होतं? तुमच्याच कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात, तिथल्या साहेबांच्या मूळ ड्रॉइंगवरून हाताने प्रती आई काढायची. तिचा इंग्रजी आठ म्हणजे एकावर एक ठेवलेले दोन सुटे गोल, वरचा जरा कललेला. औषधांच्या बाटल्यांवर तो आहे, माझ्या जुन्या वह्यांवर आहे. मी वही शेजारी ठेवून पाहिली. तेव्हा ती तात्पुरत्या नोकरीवर होती आणि त्याच महिन्यात कायम व्हायची होती. तारखा मला जुळवता येतात. मागच्या वर्षी ती ड्रॉइंग ऑफिसची प्रमुख म्हणून निवृत्त झाली. त्या दिवशी भाषणात म्हणाली, "इतक्या वर्षांत माझी एक रेघ इकडची तिकडे झाली नाही." तुम्ही पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होतात. मी तुमच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. पाहायला हवं होतं.

इथून पुढे मला काही कळत नाही, आणि न कळणं मला जमत नाही. तुम्ही अठरात अठ्ठावन्न मिळवून का पाहिले नाहीत? तुम्ही तर समोरून जाणाऱ्या गाडीच्या नंबराचीही बेरीज करता. आईच्या हातचं म्हणून तपासलं नाहीत का? की तेवढीच तुमची चूक, आणि त्या चुकीची शिक्षा तुम्ही स्वतःला दिलीत? मग कागद जपून का ठेवलात? फाडायला कितीसा वेळ लागतो? आणि आईला ठाऊक आहे का? नसेल, तर ती बिचारी सहज तो विनोद करते. असेल, तर मला पेटी उघडायला तिनेच का सांगावं? एक उत्तर धरावं तर दुसरं निसटतं. काल ती भाजी निवडत होती आणि मी समोर बसून तिच्या बोटांकडे बघत राहिले. ती म्हणाली, "काय गं, मला कधी पाहिलं नाहीस का?" मी म्हटलं, "तुझा चष्मा बदलायला हवा."

आता पत्राचं कारण. आईला माझी चाकं पाहायची आहेत. रोज विचारते, "फिरलं का गं तुझं चाक?" येत्या रविवारी दाखवते, असं मी कबूल करून बसले आहे. तिची रीत तुम्हाला माहीत आहे, ती आधी दात मोजेल आणि मग बोलेल. हे पत्र गुरुवारपर्यंत पोचेल. शनिवारी तुमचा फोन येईल, आई शेजारी असेल. तुम्ही थंडीचं विचाराल, मी बेताची म्हणेन, आणि मग विचारीन, "बाबा, मोठ्या चाकाला किती दात ठेवू?" फक्त आकडा सांगा. सत्तावन्न म्हणालात, तर चाकं नीट फिरतील, कागद घडी घालून मायक्रोमीटरखाली परत जाईल आणि मी पुन्हा कधी विचारणार नाही. चहात साखर जास्त झाली की मला हसता येणार नाही, तेवढं सांभाळून घ्या. अठ्ठावन्न म्हणालात, तर तो कागद मी आईच्या समोर टेबलावर ठेवीन, आणि त्या वेळी तुम्ही घरात असायला हवं. तुमच्याकडची पहिली बस सकाळी नऊला इथे पोचते. मला कोणता आकडा ऐकायचा आहे, तेही मला कळत नाही. एक गोष्ट मात्र तपासून झाली आहे. त्या दिवशी दारात उभी राहून मी जे मोजलं, ते साफ चुकलं होतं.

तुमचीच,
मोजपट्टी