काळ्याखालचा हिरवा

अहिल्यानगर,
१८ नोव्हेंबर २०२४

चि. याकोब यास,
दीनाअक्काचे आशीर्वाद व सप्रेम सलाम. वि. वि.

पत्र पोचलं. फोन कानाला लावला की मला आता नुसती खरखर ऐकू येते, आणि मोबाईलवर लिहायला गेले की बोट भलत्याच अक्षरावर पडतं. म्हणून तुला या वयात पोस्टाच्या पेटीपर्यंत चालावं लागतं. तेवढाच व्यायाम.

स्टेलाची चिठ्ठी आली. जानेवारीत तिचं दुसरं लग्न आहे, श्रीरामपूरला. मनूला जाऊन तेरा महिने झाले, वय लहान आहे, सूनबाईंनी किती दिवस माझ्या तोंडाकडे बघत बसायचं? पंधरा डिसेंबरला निरोप घ्यायला येणार आहे. भांडी नकोत, कपाट नको, गव्हाणीतली तिची पुतळी तेवढी द्या म्हणते. नाताळच्या गव्हाणीत मेंढपाळांशेजारी घरची माणसं उभी करायची ही माझ्या लेकाचीच टूम. प्लॅस्टिकची अंगठ्याएवढी माणसं आणून तो रंगवायचा. तुझं टक्कल किती मन लावून चकचकीत केलं होतं! लग्नाच्या वर्षी त्याने हिरव्या साडीतली स्टेला केली. ती द्यायची आहे.

दुसरं एक काम. शेजारच्या झुंबरबाईंच्या नातीच्या प्लॅस्टिकच्या बाहुलीला खिडकीच्या गजांचा काळा ऑइलपेंट लागलाय. वर्ष झालं, पक्का वाळलाय. आत नुसतं प्लॅस्टिक आहे. तू जन्मभर कॉलेजच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुतल्यास, तुला ठाऊक असेल. प्लॅस्टिक न बिघडता रंग कसा काढायचा ते लवकर कळव.

लोभ आटू देऊ नकोस.
दीनाअक्का


संगमनेर,
२३ नोव्हेंबर २०२४

ती. अक्का,
सप्रेम सलाम वि. वि.

बाटल्या धुतल्या नाहीत, प्रयोगशाळा सांभाळली. पण तुला सांगून उपयोग नाही.

आधी काय करायचं नाही ते. थिनर, पेट्रोल, नखांचं पॉलिश काढायचं पाणी यांना हात लावू नकोस, प्लॅस्टिक मऊ होऊन चिकटायला लागतं. गरम पाणीही नको. आयसोप्रोपिल अल्कोहोल आण. तुमच्या दवाखान्यात इंजेक्शनआधी कापसाला लावायचात तेच स्पिरिट, सिस्टरबाईंना मी काय सांगू! झाकणाच्या काचेच्या बरणीत बाहुली बुडवून एक दिवस ठेव. खिडकी उघडी, गॅस बंद, हातात मोजे. मग जुन्या मऊ टूथब्रशने हळू घास. एका दिवसात नाही सुटला तर पुन्हा बुडव. उरलेलं स्पिरिट मोरीत ओतू नकोस. पसरट ताटलीत अंगणात उडून जाऊ दे आणि खाली बसलेला गाळ कागदाने पुसून कचऱ्यात टाक. एवढं केलंस तर रंगाचा ठिपकासुद्धा उरणार नाही, बाहुली कारखान्यातून आल्यासारखी होईल.

स्टेलाला पुतळी जरूर दे. मनूने मला बरंच काही करून दाखवलं, पण तसं काम दुसरं नाही. तिच्या हनुवटीवरचा तीळ त्याने सुईच्या टोकाने ठेवला, तेव्हा भिंग मी धरलं होतं. श्वास रोखायला लावला होता त्याने मला. पोरीला माझे आशीर्वाद सांग.

आठवण ठेवशीलच.
तुझा, याकोब


अहिल्यानगर,
२ डिसेंबर २०२४

चि. याकोब,
आशीर्वाद. वि. वि.

झुंबरबाईंना नातच नाही.

मनू गेला त्या दिवशी स्टेलाचा वाढदिवस होता, हे तुला माहीत आहे. लवकर या म्हणून तिचा फोन गेला, आणि मनूने कंपनीच्या बसची वाट न बघता सुप्याहून मोटारसायकल काढली. रस्त्यात दिवा नसलेला ट्रेलर उभा होता. मी तिला एका शब्दाने बोलले नाही. चांगली सासू म्हणवून घ्यायचं होतं ना मला. पण गेल्या नाताळात गव्हाणी मांडताना तिची पुतळी हाताला लागली आणि गज रंगवून उरलेला डबा समोर होता. डोक्यापासून पायापर्यंत काळी करून टाकली. काढून ठेवली तर लोक विचारतील, म्हणून गायीच्या मागे उभी केली.

हे तुला लिहायची लाज वाटली. आत नुसतं प्लॅस्टिक आहे असं लिहून बसले. वाटलं, काळा वरचा आहे, तोच आधी सुटेल आणि मी तिथेच थांबेन.

तू लिहिलंस तसं सगळं केलं. दुसऱ्या दिवशी ब्रश लावला तर काळ्याची सालपटं निघाली आणि त्यांच्या पोटाला हिरवा चिकटलेला. मी थांबले तोवर तोंड गेलं होतं. तीळ गेला. साडी बोटांना लागून आली. तीस वर्षं लोकांच्या जखमा पुसल्या, त्याच हातांनी हे केलं. प्लॅस्टिकला मात्र ओरखडा नाही. करड्या रंगाची एक बाई उरली आहे, तिला चेहरा नाही.

तुझ्याकडे त्या पुतळीचा फोटो आहे. तू रंगवून पाठव. मनूचीच म्हणून देईन. ती पंधराला येते आहे, याकोब.

दीनाअक्का


संगमनेर,
७ डिसेंबर २०२४

ती. अक्का,
सलाम. वि. वि.

मला तुझा राग आला आहे, तो लपवत नाही. दोन दिवस पत्र लिहायला बसलो आणि उठलो.

खरं कळवलं असतंस तर हातसुद्धा लावू नकोस म्हणालो असतो. वाळलेला ऑइलपेंट ज्याने सुटतो, त्याने खालचा पाण्यात कालवायचा रंग त्याच्या आधी सुटतो. पुतळी माझ्याकडे आणली असतीस तर भिंगाखाली टोकाने खरवडून बघितलं असतं, निदान तोंड तरी वाचतं का ते. आणि मी शहाणा, ठिपकासुद्धा उरणार नाही असं ऐटीत लिहून मोकळा झालो.

मी रंगवणार नाही. हात थरथरतो हे आहेच, पण थरथरत नसता तरी नाही. एका खोट्याने एवढं गेलं, दुसरं माझ्या हातून करवून घेऊ नकोस. तिला सगळं सांग. काळी केली होतीस तेही सांग. शिव्या दिल्या तर ऐकून घे.

माझा लोभ गेलेला नाही, एवढं समज.
याकोब


अहिल्यानगर,
१६ डिसेंबर २०२४

चि. याकोब यास,
आशीर्वाद व सलाम. वि. वि.

स्टेला काल येऊन गेली. मी सगळं सांगितलं. मला ऐकू येत नाही म्हणून ती कॅलेंडरच्या पानामागे लिहून उत्तरं देत होती. पान माझ्यापाशी आहे.

काळी पुतळी तिने गेल्या नाताळातच पाहिली होती. मी नाताळच्या उपासनेला देवळात गेले असताना गायीमागून काढली, हातात धरली आणि पुन्हा तिथेच ठेवली. आईंना कशावर तरी राग काढू दे, असं तेव्हा वाटलं म्हणे. तिला काळीच हवी होती. वरून कशीही असली तरी आत मनूने रंगवलेलं तसंच आहे, एवढं तिला पुरत होतं. आणि काळी म्हणजे नव्या घरी कुणी ओळखणार नाही, विचारणार नाही. पेटीत तळाशी ठेवायची होती.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने पुतळी उजेडात नेली. साडीच्या चुण्यांत, पायाखाली, काखेत, नख घालून बघत राहिली, कुठे हिरवा उरलाय का म्हणून. आठ दिवस मी तेच करत होते. मग तिने लिहिलं, स्पिरिट कुठे आहे? मी सांगितलं, ताटलीत उडून गेलं. खालचा गाळ? तो कागदाने पुसला. तिने कागद मागितला. कागद दुसऱ्या दिवशीच्या घंटागाडीत गेला होता.

पुतळी टेबलावर ठेवून ती बस गाठायला निघून गेली. तुझा उपाय अगदी चोख होता, याकोब. ठिपकासुद्धा उरला नाही.

यंदा गव्हाणी मांडत नाही. माझ्यावरचा लोभ उरला असेल तेवढा ठेव.

तुझी,
दीनाअक्का