नेट गेलं नव्हतं, ताई

प्रिय ताई,

आज चार वाजता कॉल आहे आणि आता सव्वातीन झालेत. कॅमेरा तीनदा तपासला, केस दोनदा विंचरले, पण हात काही केल्या गरम होत नाहीत. तू गेल्याला तीन महिने झाले, तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आज लिहायला बसले ती भीतीपोटी. रागावू नकोस. तुझ्याकडे मी दुसऱ्या कुठल्या कारणासाठी येत होते?

पुण्याची कंपनी आहे, घरी जाऊन रुग्णांची सेवा करणारी. त्यांना चित्रांची पत्रकं हवीत. जखम कशी धुवायची, इन्सुलिन कसं घ्यायचं, आपलं नेहमीचंच काम. धरमपेठेतल्या आपल्या डॉक्टरांनी नाव सुचवलं. पण कोणाचं? तुझं! तू गेल्याचं त्यांना ठाऊकच नाही. मेल आला तोच "स्वाती मॅडम" म्हणून. मी काय करावं? "चार वाजता चालेल" एवढंच लिहून मोकळी झाले. तू नाहीस, हे लिहिलंच नाही.

याआधी दोघांना मी घालवलंय. एकाला सांगितलं ताप आहे, दुसऱ्याला सांगितलं लाईट गेली. "मेलवरच बोलू या" म्हटलं की माणसं गप्प होतात गं. काम देण्याआधी त्यांना समोरचं माणूस बघायचं असतं. हातातलं शेवटचं काम या महिन्यात संपेल. हाही कॉल गेला तर मामाच्या छापखान्यात लग्नपत्रिकांचा मजकूर जुळवत बसायचं. आईनं त्याच्याशी बोलणी सुरूसुद्धा केली आहेत.

आपली वाटणी किती सोपी होती! चित्रं मी काढायची, बोलायचं तू. तू कॅमेऱ्यासमोर, मी टेबलाच्या कडेला, कोणाला दिसणार नाही अशी. रंगांचं काही विचारलं की मी चिठ्ठी लिहून सरकवायची आणि तू असं सांगायचीस, जणू तुलाच आत्ता सुचलं. "हे पाहा सर, पेशंटले वाचता नाही आलं तरी चालते, चित्र पाहून समजलं पाहिजे!" वाक्य माझं, ठसका तुझा. समोरचा हसला की काम आपलं.

त्या चंद्रपूरच्या डॉक्टरांच्या कॉलचं बोलू का? बोलतेच आज. ते म्हणाले, "चित्रं काढतात त्यांनाच बोलू द्या ना." मी खुर्ची पुढे ओढली. "मी प्र... प्र..." आणि अडकले. स्वतःच्या नावावर! ओठ मिटलेले, डोळे उघडे. ते म्हणाले, "अरे, स्क्रीन अडकली वाटतं." आणि तू? माझ्या खांद्यावरून वाकलीस. "हो सर, आमच्या बेसा भागात नेटचा भारी प्रॉब्लेम आहे. मीच सांगते." कॉल संपल्यावर टाळीसाठी हात पुढे केलास. "काहून तोंड पाडून बसली वं? वाचवलं ना तुले!"

मी टाळी दिली. पण ताई, आणखी दोन सेकंद थांबली असतीस, तर मी बोलले असते. हे तुला कधी सांगितलं नाही. शाळेपासून माझी वाक्यं तूच पूर्ण केलीस. कंडक्टरपुढे, डॉक्टरपुढे, मला बघायला आलेल्या वर्ध्याच्या लोकांपुढेही! त्यांना तर वाटलं तूच नवरी. एवढी माया करायला तुला सांगितलं कोणी होतं?

आणि धंतोलीच्या दवाखान्यात ते शेवटचे नऊ दिवस तुला बोलता येत नव्हतं, तेव्हा मी शेजारी बसून गप्प! किती वेळ होता माझ्याकडे. कितीही अडकले असते तरी तू ऐकलं असतंस. हे मला फार खुपतं.

मघाशी आई डोकावून गेली. "मिक्सर मी नाही लावत आता. अन् घाबरू नको वं, ते काय खातीन का तुले?" तिचाच आवाज कापत होता.

चारला पाच कमी आहेत. जाते.

आले. अक्षर बघ कसं झालंय.

दीक्षित मॅडम म्हणून होत्या, जरा घाईतल्या. पहिलाच प्रश्न, "स्वाती मॅडम जॉइन होतायत ना?" पाठ केलेलं सगळं गेलं. "ता... ता..." पुढे काही येईना. स्क्रीनच्या कोपऱ्यात माझंच अर्धं उघडं तोंड मला दिसत होतं. त्या पुढे वाकल्या. "हॅलो? तुमचं नेट गेलं का? व्हिडिओ बंद करून बघा."

किती सोपं होतं गं! मान हलवायची आणि सुटायचं. कॉल कापायच्या लाल बटणापर्यंत माझं बोट गेलंही होतं. खोटं कशाला बोलू, मी डावीकडे वळून तुला शोधलं. तिथे इस्त्रीचे कपडे ठेवलेले होते.

मी म्हणाले, "नेट ठीक आहे, मॅडम. मला बोलायला वेळ लागतो. थांबाल का?" इथे लिहिलंय तेवढं सरळ नाही आलं, चारदा अडकले. पण त्या थांबल्या. मग मी म्हणाले, "ताई वारली."

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग हळूच म्हणाल्या, "चित्रं तुम्हीच काढता ना? मग सांगा, मला घाई नाही." वीस मिनिटांचा कॉल पाऊण तास चालला. मधुमेहात पायांची काळजी कशी घ्यायची, त्याचा नमुना सोमवारी मागितलाय. काम मिळेल का? ठाऊक नाही. आणखी दोघांशी बोलणार आहेत, तसं त्यांनी स्पष्टच सांगितलं.

ताई, ते दोन शब्द मी आजवर उच्चारले नव्हते. नातेवाइकांना आईनं सांगितलं, शेजाऱ्यांना मामानं. आज ते बोलून झाल्यावर मी सवयीनं थांबले, पुढचं तू बोलशील म्हणून. तू बोलली नाहीस. तेव्हा मला कळलं, तू खरंच गेलीस.

यापुढे ताप, लाईट, नेट, कसलीच सबब सांगणार नाही. आणि तुझ्याबद्दल कोणी विचारलं तर आईकडे बघणार नाही. मीच सांगेन, कितीही वेळ लागो, शेवटच्या शब्दापर्यंत.

तुझी,
प्रणाली