टुंग टुंग बंद केल्याचे दिवस

४ मार्च, रविवार

सगळ्यात आधी आली ती खालची शिंपीण. हातात माझा पडदा, तोंडात टाचण्या, आणि तशाच तोंडाने बोलते! "आजी, तुमचा फोन आहे की कोंबड्यांचं खुराडं? खाली माझ्या मशीनवर ऐकू येतं."

खोटं नाही. मुलाने नवा फोन पाठवल्यापासून घरात शांतता म्हणून नाही. टुंग – कुठेतरी पाऊस पडला. टुंग – चपला स्वस्त झाल्या. टुंग – तुम्ही आज चौदा पावलं चाललात. अरे, माझे गुडघे मला सांगतात की ते! एकतीस वर्षं शाळेची घंटा मी वाजवली, आता म्हातारपणी घंटाच मला वाजवते.

पण फोन टाकून देता येत नाही. नातीला इथल्या कॉलेजात घालायचंय. एक तारखेला ती माझ्याकडे राहायला येणार! तर मुलाची अट – "सरकार, फोन नीट वापरायला शिकलात तरच. नाहीतर ते घर बंद करू आणि तुम्हीच इकडे या." लहानपणापासून मला सरकारच म्हणतो, मेला. मी म्हटलं, शिकते. नातीसाठी मी विमानसुद्धा चालवीन.

शिंपीण गेली आणि चारच्या सुमाराला बघते तर मुलगा दारात! न कळवता! एवढा दिवसभराचा प्रवास करून! म्हणाला, "आई, फोनचा फार त्रास होतो ना?" आई म्हणाला. किती वर्षांनी! मला भरूनच आलं.

खिडकीजवळच्या खुर्चीत बसला. काय काय बंद करायचं ते सांगत गेला. त्याने एकदा काचेवर बोट फिरवलं, पण काचेला काही कळलंच नाही. "माझी बोटं कोरडी आहेत. तू दाब, आई." मग मीच दाबलं. फोन विचारतो, बंद करायचं? मी – होय. पाऊस बंद, चपला बंद, पावलं बंद. हेडबाईंसारखं वाटलं! गप्पांत चहा मात्र तसाच राहिला त्याचा. रविवारी परत येतो म्हणाला.

५ मार्च, सोमवार

दिवसभरात बावीसच टुंग. मोजले.

७ मार्च, बुधवार

शिंपिणीला म्हटलं, मुलगा येऊन गेला. ती म्हणते, "कधी? मी तर जिन्याच्या तोंडाशीच बसले होते." म्हटलं, तुझे डोळे सुईत. तर फणकारली – "वर मांजर गेलं तरी मला कळतं, आजी!" शहाणीच आहे. पडदा मात्र चार बोटं आखूड शिवलाय, ते नाही कळलं.

नातीचा निरोप आला, तिच्याच आवाजात. "आज्जे, खिडकीशी माझं टेबल मावेल का गं?" चार वेळा ऐकला. मावेल म्हणजे काय! लगेच ट्रंक ढकलली, कंबर धरली, पण जागा झाली. खुर्चीही सरकवावी लागेल. ती राहू दे, मुलगा बसतो तिथे.

११ मार्च, रविवार

आला! बेल ऐकूच आली नाही. चहा गाळून बाहेर येते तर हा खुर्चीत. म्हटलं, अरे, दार? "उघडंच होतं." दुपारी मी साखळी लावते. विसरले असेन. हे मुलाला सांगू नये – म्हणजे त्यालाच! लगेच म्हणेल, सरकार, तुम्हाला एकटं ठेवणं बरं नाही. पण काहीच नाही म्हणाला.

बातम्या बंद केल्या. बँक बंद केली. भावकीचा तो गट, रोज पहाटे फुलं पाठवतात, तोही बंद. मग मी शाळेतल्या गोष्टी काढल्या. खरा मुलगा म्हणजे असा! एकदाही "सांगितलंयस हे" म्हणाला नाही. पापणी न हलवता ऐकत होता. दोन तास बसला आणि खुर्ची एकदाही करकरली नाही. मी टेकले तरी करकरते ती.

चहा याही खेपेला राहिला.

१३ मार्च, मंगळवार

सहा टुंग. त्यांतले चार नातीचे. चादर कुठल्या रंगाची हवी, पिवळी की निळी? मी काय सांगणार, दोन्ही आणल्या.

१८ मार्च, रविवार

आज त्याने विचारलं, "आता कोण उरलं?" म्हटलं, तुम्हीच दोघं. तू आणि नात.

"मग माझा नंबर कशाला वाजायला हवा? मी तर येतोच."

बरोबर आहे त्याचं. दाबलं. होय.

"तिचाही नको."

म्हटलं, तिचा राहू दे रे, मला गोड वाटतं. तो माझ्या अंगठ्याकडे बघत राहिला. किती वेळ ते आठवत नाही, पण बाहेरचं ऊन खिडकीतून निघून भिंतीवर गेलं होतं. मग दाबलं मी.

"किती शांत वाटतं ना, आई."

२० मार्च, मंगळवार

एकही नाही. घड्याळ ऐकू येतं. नळ ऐकू येतो.

सुट्टीत घंटेला तेल घालायला शाळेत जायचे, तशी शांतता. अख्खा व्हरांडा रिकामा, आणि सवयीने तोंडातून निघायचं – बाजूला व्हा रे! आणि कुणीतरी बाजूला झाल्यासारखं वाटायचं. खरंच वाटायचं. कुणाला सांगितलं नाही कधी.

नातीला माझा विसर पडला की काय?

२३ मार्च, शुक्रवार

शिंपीण धावत वर आली. तोंडात टाचण्या नाहीत, तेव्हाच ओळखलं, काहीतरी आहे. स्वतःचा फोन माझ्या कानाला लावला. "तुमचा मुलगा. पाच दिवस फोन करतोय तुम्हाला!"

"काय सरकार! आहात ना? जीव घेतलात आमचा! उचलत का नाही?" मागे नातीच्या रडण्याचा आवाज – आज्जे, आज्जे.

मी म्हटलं, अरे, रविवारी तर तू इथेच होतास. तूच नाही का बंद करायला लावलंस?

तो अगदी हळू म्हणाला – "सरकार, मी जूनपासून तिकडे आलेलो नाही."

मी खुर्चीकडे बघितलं. शिंपीण माझ्याकडे बघत होती.

काय करू? खरं सांगितलं तर घर बंद, आणि नातही येत नाही. म्हटलं, चेष्टा केली रे! चुकून आवाज बंद झाला. तो हसला नाही. "ही कसली चेष्टा! मी येतो आता. बघतो काय ते."

शिंपिणीकडून दोघांचे नंबर चालू करून घेतले. ती म्हणाली, "बाकीचं बंदच ठेवू ना?" म्हटलं, नको गं. सगळं चालू कर. पाऊस, चपला, पावलं, सगळं!

जाताना ती दारात घुटमळली. "आजी, माझ्याकडे झोपायला येता का?" म्हटलं, वेडी का तू, माझं घर आहे हे.

२४ मार्च, शनिवार

सकाळपासून टुंग टुंग. कान किटले तरी बरं वाटतं. साखळी दोनदा बघितली. टेबलाची जागा पुसली, दोन्ही चादरी काढून ठेवल्या.

मुलाचा फोन आला. मीच उचलला, पहिल्या घंटेला! उद्या चारला पोचतो म्हणाला, नातीला घेऊन.

गेल्या रविवारचं एक लिहायचं राहिलं होतं. तो जाताना जिन्यात वळून म्हणाला होता, "पुढच्या रविवारी चारला येतो, आई. तुझ्या नातीला घेऊन."