पंपाचा स्क्रू कोणी फिरवू नये

मी, जयवंता गिरिधर काळबांडे, वय एकोणसाठ, धंदा मालवाहतूक, राहणार वाडी, अमरावती रोड, नागपूर, माझ्यामागे माझ्या वस्तूंचे काय व्हावे हे आज स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवत आहे. कोणी सांगितले म्हणून लिहीत नाही. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला भीती वाटते, हे मात्र खरे. रस्त्यावर एखाद्या इंजिनाचा आवाज चढला की मी रस्ता सोडून भिंतीशी जाऊन उभी राहते. पण घाबरलेले माणूस म्हणजे वेडे माणूस नव्हे, हे पुढे कोणी वाद काढला तर ध्यानात घ्यावे.

१. वाडीतील घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते मुलगा सौरव व सून रितिका यांना निम्मे-निम्मे मिळावे. वरच्या खोलीत गोदामात काम करणारी पोरे भाड्याने राहतात. त्यांना ऐन पावसाळ्यात बाहेर काढू नये.

२. बँकेतील ठेव नात वैभवी हिच्या शिक्षणासाठी आहे. लग्नासाठी नाही. सोन्याची पोत व पाटल्या रितिकाला द्याव्यात.

३. दीर गोपाळराव यांना मी काही देत नाही. माझे यजमान वारले तेव्हा तेराव्यालाच ते म्हणाले होते, "वहिनी, बाईच्या हातात गाडी शोभत नाही. विकून टाका." मी यजमानांची पिकअप विकली नाही. गाडी शिकले आणि कळमेश्वरची भाजी कळमन्याच्या बाजारात पोचवू लागले. पुढे गोपाळरावांनी नवी पिकअप घेतली. आमचे ठरलेले शेतकरी एकेक करून तिकडे वळले, कारण ती आधी पोचायची. एकदा भर बाजारात ते सौरवला म्हणाले, "काहून गा, तुमची गाडी चालून राहिली का सरकून राहिली?" आणि हसले. नंतर तेच त्याला एका गॅरेजात घेऊन गेले. माझ्या मैताला त्यांनी यावे, खांदाही द्यावा, पण माझ्या मुलाला पुन्हा कोणताही सल्ला देऊ नये.

४. आता पिकअपबद्दल. हे कलम लांबले आहे. वकिलांनी थोडक्यात लिहायला सांगितले होते, मला ते जमले नाही.

आमची पिकअप जुनी, डिझेलची. त्या गॅरेजात तिच्या पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवले, इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोचा जोर वाढवला, सायलेन्सर मोकळा केला. गाडी घरी आली तेव्हा सौरवचा चेहरा खुलला होता. "आई, बस तर खरी! पोत्यानं भरली तरी पूल चढते!" खरेच चढत होती. मागे काळा धूर सोडत होती, पण चढत होती. काही महिन्यांनी धूर निळसर झाला आणि इंजिनातले ऑइल कमी होऊ लागले. आमच्या गल्लीतले ताराचंद मिस्त्री म्हणाले, "काकू, टर्बो ऑइल पिऊन राहिला. जुन्या इंजिनाले एवढा जोर सोसत नाही. गाडी उभी करा." सौरव म्हणाला, हा हंगाम जाऊ दे.

शाळेला सुट्टी होती म्हणून वैभवी आमच्यासोबत आली होती. सौरव चालवत होता, ती मध्ये, मी खिडकीशी. मागे वांगी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर. वाडीच्या नाक्याअलीकडे गाडी आपोआप पळू लागली. सौरवचा पाय ॲक्सिलेटरवर नव्हता. मी पाहिले, नव्हताच. त्याने क्लच दाबून ब्रेक मारले आणि गाडी कडेला उभी केली. पण इंजिनाचा आवाज चढतच गेला. त्याने चाबी बंद केली. इंजिन बंद झाले नाही. चाबी काढून हातात घेतली, तरी इंजिन किंचाळत होते. ते डिझेलवर चालतच नव्हते, स्वतःचे ऑइल ओढून जाळत होते. पांढऱ्या धुरात मागचे ट्रक दिसेनासे झाले. सौरवने वरचा गिअर टाकून क्लच सोडला, म्हणजे इंजिन अडकून बंद पडेल. क्लच घसरला, गाडी एक हिसका देऊन पुढे सरकली.

"आजी, थांबव ना!" वैभवी माझ्या कानाशी ओरडत होती. एवढेच शब्द मला अजून झोपेत ऐकू येतात.

मी तिला उचलून खाली उतरवले आणि पळ म्हणाले. ती पानठेल्याकडे पळाली. मी बॉनेट उघडले. इंजिन असे हादरत होते की आता फुटेल आणि तुकडे तोंडावर येतील असेच वाटत होते. हवा बंद केल्याशिवाय ते मरणार नाही, हे ताराचंदांनी सांगून ठेवले होते. हवेच्या तोंडाला हात लावायचा नाही, तो आत ओढला जातो, हेही. मी हवेचा रबरी पाईप दोन्ही हातांनी हिसकून काढला. "सौरव, फळी दे!" चाकाला लावायची फळी त्याने आणली. आम्ही दोघांनी ती टर्बोच्या तोंडावर दाबून धरली. फळी आत ओढली जात होती. मग आवाज घोगरा झाला, इंजिनाने दोन आचके दिले आणि ते थांबले. मी तिथेच रस्त्यावर बसले. मला लघवी झाली होती. हे मृत्युपत्रात लिहिण्यासारखे नाही, पण ज्यांना ही गोष्ट किरकोळ वाटते त्यांच्यासाठी लिहिले आहे.

इंजिन पुन्हा बांधले. ताराचंदांनी पंप कंपनीच्या मापावर आणला आणि स्क्रूला तार बांधून शिशाचे सील मारले. गाडी हळू झाली. मला बरे वाटले. पण दिवाळीनंतर ती गल्लीतून वळताना आवाज मला वेगळा वाटला. सौरवला विचारले तर म्हणाला, "काही केलं नाही वं आई. तुले भास होऊन राहिले." मी सायलेन्सरच्या तोंडात बोट घातले, काजळी ओली, काळीभोर, म्हणजे डिझेल पुन्हा जास्त जात होते. ताराचंदांना बोलावले. त्यांनी वाकून पाहिले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "सील तुटलं आहे, काकू."

म्हणून हे मृत्युपत्र. मी जिवंत असताना तो असे करतो, तर माझ्यामागे काय करेल, हा विचार मला सोडत नाही. पिकअप मी सौरवला देत नाही. ती सून रितिका हिच्या एकटीच्या मालकीची राहील. पंपाचा स्क्रू, टर्बो व सायलेन्सर यांना तिच्या लेखी परवानगीशिवाय कोणी हात लावू नये. वैभवीला त्या गाडीत बसवू नये.

५. हा मसुदा मी आज सकाळी सौरवला वाचून दाखवला. मला वाटले तो चिडेल. तो उंबऱ्यावर बसला. मग म्हणाला, "तुले गाडीचं भेव वाटते आई. मले बाजारात उशिरा पोचायचं भेव वाटते. काकाची गाडी मागून येताना दिसली का माझ्या छातीत धडधड होते. मी काय करू?"

रितिका आतून कणकेच्या हातानेच बाहेर आली. म्हणाली, "लवकर निघू. आणखी काय? मी येतो तुमच्यासंगं." आणि तिने हात पुढे केला. त्याने चाबी तिच्या हातावर ठेवली. दुपारी दोघे गाडी ताराचंदांकडे घेऊन गेले. स्क्रू मागे फिरवताना मी तिथे उभी होते. पुन्हा कोणी फिरवणार नाही याची खात्री मला आजही नाही.

६. रितिकाला गाडी चालवता येत नाही. उद्यापासून मी तिला शिकवणार आहे, म्हणजे मला पुन्हा त्याच सीटवर बसावे लागेल. नुसत्या विचाराने तळहात ओले झाले आहेत, कागदावर डाग पडला आहे तो त्याचाच. ती एकटीने भरली गाडी बाजारात नेऊन परत आणेपर्यंत तरी हे मृत्युपत्र अमलात येऊ नये, एवढी माझी इच्छा आहे. त्यानंतर देवाची मर्जी.

वरील सर्व मजकूर मी वाचला, तो माझाच आहे. सही वाकडी आली आहे, तीही माझीच.

(सही) जयवंता गिरिधर काळबांडे

आमच्यासमक्ष सही केली:
१. ताराचंद मारोतराव नेवारे, मोटार मेकॅनिक, वाडी
२. इंदुताई दुर्गेश खोरगडे, शेजारीण, वाडी

ठिकाण: वाडी, नागपूर
दिनांक: ८ डिसेंबर २०२४