सफरचंद दाबून पाहताना

१८ ऑक्टोबर
भाऊंनी दोन नंबरची खोली स्वप्नालीला दिली! सफरचंदांसाठी. देवासात आमच्या कोल्ड स्टोरेजला खोल्या दोनच, आणि दोन्हींत आजवर माझा लसूण. आता धाकट्या जाऊबाईंचं डोकं चालणार. धारहून आली काय, कसला तो कोर्स केला काय, आणि सासरे तिचं ऐकतात काय! वर मला म्हणाले, "मेधा, फळं टिकली तर पुढल्या साली एक नंबरही तिच्याकडे देऊ." म्हणजे माझी खोली. मी पोळ्या लाटत राहिले.

२६ ऑक्टोबर
शिमल्याकडचा माल आला. पहिली फळं भाऊ स्वतः टेकडीवर घेऊन गेले, मोठ्या माताजीला आणि छोट्या माताजीला. माझ्या लसणाला हा मान कधी मिळाला नाही. लसूण नैवेद्याला चालत नाही, हे मलाही कळतं. तरी लागलं.

९ नोव्हेंबर
रोज तिच्या खोलीत जाऊन येते. स्वेटर बदलून जावं लागतं — लसणाचा वास लागतो म्हणे तिच्या लाडक्यांना! एक फळ उचलते, अंगठ्याने दाबते. मेली मऊ पडत नाहीत.

१७ नोव्हेंबर
कडक.

२ डिसेंबर
आज दबलं! दाराजवळच्या पेटीतलं. अंगठा चक्क आत गेला. खाली वाकून पाहिलं तर दाराचं रबर फाटलेलं, गारवा सगळा बाहेर चाललाय. कुणाला सांगितलं नाही. का सांगू? मला कुणी विचारून खोली दिली होती? संध्याकाळी उगीचच शिरा केला. सगळ्यांनी दोनदा घेतला, स्वप्नालीनेही.

३ डिसेंबर
दाराला नवं रबर! आणि त्या पेट्या सकाळीच मंडीत रवाना. हिला कळलं कसं? ह्यांना विचारलं, तुम्ही काही बोललात का? ह्यांना तर रबर फाटल्याचाही पत्ता नव्हता. ही वही तिने वाचली म्हणावं, तर बाईसाहेबांची शाळा हिंदीतली. घरात आलेली मराठी लग्नपत्रिकासुद्धा माझ्याकडून वाचून घेते.

११ जानेवारी
मागच्या कोपऱ्यातल्या फळांना सुरकुत्या पडल्यात. हवा कोरडी झाली असणार. लसणाला अशीच लागते, सफरचंदाला मात्र ओलावा हवा. इतक्या दिवसांत एवढं तर मीही शिकले. फार बरं वाटलं. लिहून ठेवते, कारण दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही.

१२ जानेवारी
फरशीवर पाणी शिंपडलेलं, भिंतीलगत ओली पोती! हिला सांगतं तरी कोण? टेकडीवरच्या दोघी?

२० फेब्रुवारी
व्यापारी आला. फळ चावलं तर करकर आवाज मला दारापर्यंत ऐकू आला. "भिया, ये तो अभी झाड़ से तोड़ा लगता है," असं भाऊंना म्हणाला. भाऊ तिच्याकडे बघून हसले. माझ्याकडे पाहिलंच नाही.

एक नंबरची किल्ली मी आपणहून देवघरात नेऊन ठेवली, कुणी मागायच्या आत. मग मोरीत नळ सोडून रडले. जळते मी तिच्यावर. आहे हे असं आहे.

२१ फेब्रुवारी
स्वप्नाली किल्ली घेऊन माझ्या खोलीत आली. भाऊंना सांगून आली होती, की एक नंबर घेईन तर ताईंसोबतच, एकटी नाही. मी म्हटलं, माझं काय अडलंय तुझ्या सफरचंदांवाचून?

किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाली, "ताई, तुमच्याशिवाय मला कसं समजणार? तुम्ही रोज दाबून बघता ना. ज्या दिवशी खुश होऊन बाहेर निघता, मी लगेच अंदर जाते. कुठे तरी गडबड असतेच."

२२ फेब्रुवारी
सकाळी गेले. दाबलं. कडक. बाहेर ती उभीच होती. तोंड कसं ठेवावं, सुचेना.