दोन घंट्यांचा नंबर

मी गजराबाई, रतिलाल माळी यांची विधवा, वय अडुसष्ट, चौथी पास, राहणार कोरीट, तालुका नंदुरबार. डोकं ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने माझ्याशी मिरचीचा भाव करून बघावा. हे मृत्युपत्र कोणाच्या दाबाखाली लिहीत नाही. दाबणारे आधीच गेले.

१. घर अर्धं मुलगी काजलचं, अर्धं मुलगा हेमराजचं. रस्त्याकडची भिंत हेमराजची. तिच्यावर पाच मोबाइल कंपन्यांनी फुकट रंग मारला. एकदा दोन पेंटर भांडले, तर मी चहा पाजून दोघांकडून अर्धी-अर्धी रंगवून घेतली. आता पाचाच्या दोन उरल्या, रंगाला कोणी येत नाही. चुना काजलने मारावा.

२. माझा मोबाइल नंबर काजलला. सिम मागच्या महिन्यातच तिच्या नावावर केलं.
हेमराज सुरतेला कामाला होता. रोज संध्याकाळी दोन घंट्या द्यायचा, म्हणजे तो बरा आहे. उचलायचं नाही, त्याचे पैसे कटतात. पुढे कंपन्यांची मारामारी लागून बोलणं फुकट झालं, ते मला कोणी सांगितलं नाही. २०१७ च्या दिवाळीनंतर एका संध्याकाळी घंटी थांबेचना. शेजारीण निर्मलाबाई म्हणाली, "उचल ना वं!" मी म्हटलं, "कसाले? त्याना पैसा कटतीन. गिनती भुली गया मन्हा पोऱ्या!" दोघी हसलो.
त्यानंतर घंटी आली नाही. सुरतेला जाऊन आले. खोलीवाले म्हणाले, पिशवी घेऊन गेला, कुठे ते सांगितलं नाही.

३. भूपेश मोबाइलवाल्याला एक जुनी बॅटरी. हेमराज गेल्यावर थोड्याच दिवसांत फोन मुका झाला, तर याने बॅटरी बदलली. बॅटरी चांगली होती, कंपनी मेली होती. इंग्रजी मेसेज दोघांनी वाचला नाही. बावीस दिवस नंबर बंद. त्या दिवसांत हेमराजने फोन केला का, ते आता कोण सांगणार? खेटे घालून तोच नंबर दुसऱ्या कंपनीत नेला. ती तिसरीत बुडाली. नंबर मी बुडू दिला नाही.

४. काजल म्हणते, "माय, आठ वरीस व्हयनात. आते कोन फोन करस?" नको करो कोणी. तू रिचार्ज चुकवू नको. चुकलं की येणारा फोनही बंद करतात, मग नंबर परक्याला देतात. आणि वाजला तर मोजत बसू नको. पहिल्या घंटीला उचल. सांग, "भाऊ, माय नही शे, पन घर शे."

साक्षीदार: दोधू सुका माळी. निर्मलाबाई, जिने ती घंटी ऐकली.
सही: गजराबाई रतिलाल माळी
कोरीट, १७ नोव्हेंबर २०२५

नंबर इथे लिहीत नाही. हेमराजला पाठ आहे.